व्हिसासाठी भटजी कशाला?

गेल्या महिन्यात कोल्हापुरातील आमचे एक जुने सहकारी घरी आले. नामांतराच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेला हा माणूस. आयुष्यात कुणापुढे वाकला नाही. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. चहा समोर तसाच गार होत होता. शेवटी ते म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं बोलायला आलोय. जमलंय सगळं. पण एका कागदापायी अडलंय."

त्यांची मुलगी नर्स आहे. काही वर्षे ती आखाती देशात एका रुग्णालयात नोकरीला होती. तिथेच काम करणारा एक इंग्लंडचा तरुण तिला आवडला, तिला तो आवडला. दोघे सज्ञान, दोघे कमावते. घरात विरोध नव्हता. मुलाने कोल्हापुरात येऊन आईवडिलांची भेट घेतली, बिंदू चौकात जाऊन महात्मा फुले आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांना हार घातला. ठरले असे की, विवाह नोंदणी कार्यालयात लग्न करायचे, नंतर विहारात त्रिशरण-पंचशील, चाळीस-पन्नास माणसांना चहा-फराळ, आणि मग जोडीदार म्हणून मुलीने इंग्लंडला जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज करायचा. यात अडचण ती कोणती?

अडचण निघाली व्हिसाची कामे करणाऱ्या एका एजंटाकडे. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "काका, चाळीस माणसांचं लग्न फायलीत टिकत नाही. मोठा हॉल घ्या. हळद, मेंदी, सप्तपदी सगळं करा. भटजी बोलवा. दोनशे तरी पाहुणे फोटोत दिसले पाहिजेत. तिथल्या साहेबाला इंडियन लग्न कसं असतं ते माहीत असतं. तसं दिसलं नाही तर तो म्हणणार, लग्न बोगस आहे!"

घरात दोन तट पडले. मावशी म्हणाली, एक दिवसाचं नाटक आहे, करून टाका, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. वडिलांना रात्रभर झोप नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म करवून घेणार नाही अशी एक प्रतिज्ञा आहे. त्यांच्या आजोबांनी ती घेतली, वडिलांनी पाळली. आता नातीच्या व्हिसासाठी ती मोडायची? आणि मुलगी काय म्हणाली? ती आम्हांला म्हणाली, "काका, खरं लग्न पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून खोटं लग्न करायचं का?"

हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. आमची मुले-मुली शिकली. नर्स झाली, इंजिनिअर झाली, संशोधक झाली. ती लंडनला आहेत, टोरांटोला आहेत, दुबईला आहेत. १९१३ साली एक भीमराव न्यूयॉर्कला गेला, आज प्रत्येक तालुक्यातून भीमाची लेकरे जात आहेत. साहजिकच ती तिथे प्रेम करणार, लग्न करणार, एकत्र राहू पाहणार. तेव्हा दोन देशांच्या जोडप्याने एकत्र कसे राहायचे, हा प्रश्न आता आमच्या वस्त्यांमध्ये येऊन उभा आहे. त्याचे उत्तर एजंटाच्या हाती सोडून चालणार नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतातील बौद्ध व्यक्ती आणि परदेशी, अन्यधर्मीय किंवा कोणताच धर्म न मानणारी व्यक्ती यांच्यासाठी आपल्याकडे विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी किमान एकाने ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य केले आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतीची वाट पाहिली जाते. त्यानंतर विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचे सांगायचे. झाले लग्न! या कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे विवाह अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हा त्या विवाहाचा निर्णायक पुरावा आहे. कायद्याने भटजी मागितलेला नाही, मंडप मागितलेला नाही, दोनशे पाहुणे मागितलेले नाहीत. तीन साक्षीदार पुरेत!

आता इंग्लंडचा कायदा पाहू. तोही सप्तपदी मागत नाही. तो मागतो विवाहाचे कायदेशीर प्रमाणपत्र, दोघे प्रत्यक्ष भेटले आहेत आणि त्यांचे नाते खरे आहे याचा पुरावा, राहायला पुरेशी जागा, प्राथमिक इंग्रजीची परीक्षा, आणि भारतातून जाणाऱ्यांसाठी क्षयरोगाची तपासणी. नाते खरे असल्याचा पुरावा म्हणजे वर्षानुवर्षांचे संदेश, एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटे, एकत्र राहिल्याची कागदपत्रे, एकमेकांना पाठवलेले पैसे. हे सगळे त्या मुलीकडे आहे. ढीगभर आहे. एजंटाने ते नीट पाहिलेसुद्धा नव्हते!

खरी गळफास लावणारी अट वेगळीच आहे. ती पैशाची. इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला परदेशी जोडीदार आणायचा असेल तर ठराविक उत्पन्न दाखवावे लागते. २०१२ साली ही मर्यादा वर्षाला १८,६०० पौंड ठरवली गेली. एप्रिल २०२४ मध्ये ती एकदम २९,००० पौंडांवर नेली. म्हणजे आपल्या हिशेबाने तीस लाख रुपयांहून अधिक. सफाई कामगाराने, हॉटेलात भांडी घासणाऱ्याने, दुकानात काम करणाऱ्या पोरीने परदेशी माणसावर प्रेम करावे की नाही? करावे, पण एकत्र राहू नये! गरिबाला प्रेमाची मुभा आहे, संसाराची नाही. ज्या अटीवर खरी लढाई व्हायला हवी ती अट बाजूला राहते, आणि आमचा भोळा बाप भटजी शोधत फिरतो.

पण एजंट हे सारे हवेतून बोलला असेही नाही. त्याच्या सल्ल्याला इतिहास आहे. साहेबाच्या डोक्यात 'इंडियन लग्ना'चे एक चित्र असते, हे खरेच आहे. २०१५ साली कॅनडातील व्हिसा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे एक टिपण माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. बनावट लग्न कसे ओळखावे याच्या खुणा त्यात दिल्या होत्या. उपाहारगृहात झालेला लहानसा स्वागत समारंभ ही त्यांतली एक खूण! हिऱ्याची अंगठी नसणे ही दुसरी! म्हणजे साधे लग्न केले की संशय. खर्च केला नाही की संशय.

इंग्लंडचा इतिहास तर याहून लाजिरवाणा आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी करण्यात आली. ती तिथे राहणाऱ्या आपल्या नियोजित पतीशी लग्न करायला गेली होती. ती खरोखर लग्न करायलाच आली आहे का, हे तपासायची ही रीत! वर्तमानपत्रांत बातमी येताच गदारोळ झाला आणि ही रीत बंद करावी लागली. पुढे १९९७ पर्यंत एक नियम होता. परदेशी जोडीदाराने सिद्ध करायचे की, लग्नामागचा आपला मुख्य हेतू इंग्लंडमध्ये शिरण्याचा नाही. नसलेला हेतू सिद्ध करायचा! या नियमाने भारत, पाकिस्तान, बांगलादेशातील असंख्य जोडपी वर्षानुवर्षे ताटातूट सोसत राहिली. तिथल्या आशियाई लोकांनी लढून हा नियम घालवला. तेव्हा साहेबाच्या संशयापुढे भटजी उभा करणे हा उपाय नव्हे. लढणे आणि नेमके कागद समोर ठेवणे हा उपाय आहे.

आणि एक गोष्ट आमच्या माणसांनी मनाशी विचारून पाहावी. साधे लग्न म्हणजे खोटे लग्न, हा निकष कुणाकुणाला लागू होईल? महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय, अगदी थोड्या खर्चात लग्ने लावून दाखवली. ती सारी बोगस? १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच आमच्या माईसाहेब. विवाह घरीच झाला, नोंदणी पद्धतीने. मोजकी माणसे हजर. भटजी नाही, मंडप नाही, वरात नाही. वर ५७ वर्षांचे, वधू ३९ वर्षांच्या. वर जन्माने महार, वधू जन्माने सारस्वत ब्राह्मण. एजंटाच्या कसोटीवर लावून पाहा. वयात अंतर, जात वेगळी, पाहुणे थोडे, विधी नाही! भारताच्या कायदामंत्र्याची फाईलसुद्धा या एजंटाने 'कमकुवत' म्हणून परत केली असती!

आता आमच्या कोल्हापूरच्या इतिहासातील एक गोष्ट सांगतो. 'व्हिसासाठी भटजी' हा प्रकार नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो एका राजालाही करावा लागला होता, आणि शिक्का मारणारे पीठ होते आपल्या करवीरचे!

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांना १९२६ साली गादी सोडावी लागली. पुढे अमेरिकेतील सिएटल शहरच्या नॅन्सी अॅन मिलर या तरुणीशी त्यांचा विवाह ठरला. राजा, श्रीमंत, कायदेकानून खिशात. तरी लग्न थेट होईना. कारण वधूला जात नव्हती! मग १९२८ च्या मार्च महिन्यात नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हातून तिची शुद्धी झाली. तिचे नाव शर्मिष्ठा ठेवले. होळकर धनगर, म्हणून धनगर समाजातील एका कुटुंबाने तिला दत्तक घेतले. अशी धर्म, नाव, आईबाप आणि जात अशी सगळी कागदपत्रे पूर्ण झाल्यावर त्याच महिन्यात लग्न लागले. सनातन्यांनी त्यावरही ओरड केली ती वेगळीच.

आता दुसरी बाजू पाहा. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाच्या खटल्यात निकाल दिला की, भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. गंमत अशी की, आपण उच्चवर्णीय आर्य आहोत म्हणून गोरे आहोत, असा युक्तिवाद तिथे झाला होता! उच्चवर्णाची शेखी साता समुद्रापलीकडे उपयोगी पडली नाही. आणि १९२२ चा तिथला कायदा असा होता की, नागरिक होण्यास अपात्र अशा परक्याशी अमेरिकन स्त्रीने लग्न केले तर तिचे स्वतःचे नागरिकत्व जाई. ही तरतूद १९३१ साली रद्द झाली. म्हणजे १९२८ साली भारतीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन मुलीसमोर काय होते? तिकडे वर्णापायी देश गमवायचा आणि इकडे जात मिळवायची! एका दारावर वंशाचा पहारा, दुसऱ्या दारावर जातीचा. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सांगितले होते. जातीचा प्राण म्हणजे जातीअंतर्गत विवाह. स्वतःच्याच गोटात लग्न करायची सक्ती काढा, जात उरत नाही. अमेरिकेतून आलेल्या मुलीलाही आधी जातीत घालायचे आणि मगच लग्न लावायचे, याहून त्या सिद्धांताचा मोठा पुरावा कोणता?

याच करवीर नगरीत दुसरा मार्गही दाखवला गेला होता. लोकराजा राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा केला. त्या काळी ब्रिटिश मुलखात १८७२ चा कायदा होता. त्याप्रमाणे नोंदणी विवाह करायचा तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, जैन, शीख यांपैकी कुठल्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. असा तो जमाना! महाराज नुसते कायदा करून थांबले नाहीत. मराठा-धनगर विवाह त्यांनी आपल्याच घराण्यापासून जुळवले. घाटग्यांची लेक होळकरांच्या घरात दिली गेली. महाराज १९२२ साली गेले, ते लग्न त्यांच्या मागे लागले, पण योजना त्यांची.

शंकराचार्याने वधूला जात चिकटवून लग्न लावले. शाहू महाराजांनी जातीची गरजच काढून टाकली. आपण कोणाच्या मागे जायचे? कोल्हापूरच्या बापाने हे ठरवायचे आहे.

आता थोडे आपल्या समाजाकडे वळू. परदेशी जावई आला की आजकाल सगळ्याच जातींत कौतुक होते. ज्या घरात शेजारच्या गल्लीतला बौद्ध जावई म्हणताच कोयते निघतात, त्या घरात जॉन किंवा पीटर आला की सासूबाई पुरणपोळी वाढतात! त्याची जात कुणी विचारत नाही, गोत्र विचारत नाही. गोरा आहे ना, मग उच्चच! पण तोच जावई नायजेरियाचा असता तर? केनियाचा असता तर? दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात २०१७ साली आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने कसे मारले ते आठवा. म्हणजे परदेशी जावई स्वीकारला म्हणून जात गेली असे समजू नये. त्या घरात गोऱ्या कातडीला पहिली जागा मिळाली, इतकेच.

डिसेंबर २०१५ मध्ये याच कोल्हापुरात, कसबा बावड्यात, आंतरजातीय विवाह केलेल्या तरुण जोडप्याचा खून झाला. आरोप आला मुलीच्याच भावांवर. त्या दोघांना कुठल्या दूतावासाचा शिक्का लागत नव्हता. एकाच देशाचे, एकाच भाषेचे. तरी त्यांना एकत्र राहायची परवानगी मिळाली नाही. व्हिसा नाकारला तर निदान कारण लेखी मिळते, पुन्हा अर्ज करता येतो, दाद मागता येते. जातीच्या खिडकीवर ना अर्ज, ना अपील! आणि सरकार काय करते? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांवर लक्ष ठेवणारी समिती काढली. ओरड झाली तेव्हा दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, आंतरधर्मीय तसाच ठेवला. शाहूंच्या महाराष्ट्रात, शाहूंच्या कायद्यानंतर शंभर वर्षांनी!

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना स्वतःकडेही पाहू. आमच्यातही पोटजात विचारली जाते. बौद्धाने मातंगाची मुलगी करायची म्हटले, चर्मकाराच्या घरी सोयरीक न्यायची म्हटली की आमच्याही नाकाला मुरड पडते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला, तो फक्त सवर्णांनी वाचायचा आहे काय?

या मुलीच्या गोष्टीत आणखी एक शक्यता आहे. नवऱ्यानेच कोल्हापुरात येऊन राहायचे. तेही सोपे नाही. ३० दिवसांच्या पर्यटक व्हिसावर येऊन नोटिशीचे ३० दिवस पुरे होईपर्यंत त्याची मुदत संपते. तेव्हा जास्त मुदतीचा व्हिसा आधीच काढावा. तो अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा दाखला सोबत आणावा. परदेशी माणूस घरी उतरला तर २४ तासांत पोलिसांकडे माहिती द्यावी लागते, हे घरमालकाने विसरू नये. नोंदणीकृत विवाह टिकून सलग दोन वर्षे झाली की त्याला 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करता येतो. पण तो स्वतः किंवा त्याचे पूर्वज पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ते दार बंद. आणि घटस्फोट झाला तर कार्डही रद्द होऊ शकते. म्हणजे परक्याला जोडीदार म्हणून आत घेताना आपले सरकारही काही मोठ्या मनाचे नाही.

मोठमोठ्या लोकशाह्यांचीही तीच तऱ्हा. वेगळ्या वंशात लग्न करायला बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्याच न्यायालयाने जून २०२४ मध्ये सांगितले की, परदेशी जोडीदाराला देशात आणणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. लग्न करा, पण एकत्र राहायचे की नाही ते अधिकारी ठरवील! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हादियाच्या आणि शक्ती वाहिनीच्या खटल्यांत जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या २१ व्या कलमात आहे, असे स्पष्ट केले. त्या कलमाच्या मागे उभी असलेली घटना कुणी लिहिली हे वाचकांना सांगायला नको. निवडीचा हक्क आहे, तर सोबत राहण्याचाही असला पाहिजे. सोबत नसेल तर निवड कशाला? चळवळीने ही मागणी जोरात मांडली पाहिजे.

मुलींना मात्र एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. जोडीदाराचा व्हिसा म्हणजे बहुतेक ठिकाणी 'अवलंबित' व्हिसा. अमेरिकेत 'एच-१बी' या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५ नंतरही ती ठराविक टप्प्याला पोहोचलेल्यांनाच मिळते. इंग्लंडमध्ये नोकरी करता येते, पण कायम वास्तव्याला साधारण पाच वर्षे लागतात आणि तोवर तिथे राहण्याचा हक्क लग्नाला टांगलेला असतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली ती बाईला नवऱ्याच्या मर्जीवर जगावे लागू नये म्हणून. तेव्हा मुलींनो, आपले पदवीचे कागद, नर्सिंगची नोंदणी, बँकेचे खाते आणि पासपोर्ट आपल्याच हातात ठेवा. छळ झाला तर नवऱ्यापासून वेगळे होऊनही इंग्लंडमध्ये राहण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे, हे माहीत असू द्या. प्रेम खरे असले तरी कागद स्वतःचे असावेत.

आता चळवळीने करायचे काय? आम्ही साधी कामे सुचवतो. एक, विहारात लागलेले प्रत्येक लग्न नोंदवलेच पाहिजे. विहाराचा दाखला जपून ठेवा, पण सरकारी विवाह प्रमाणपत्राला पर्याय नाही. दोन, प्रमाणपत्रावरचे नाव, पासपोर्टवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळते का ते लग्नाआधीच तपासा. आमच्यात आडनावे बदललेली असतात, स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असते. फायली याच क्षुल्लक गोष्टीवर अडतात, भटजी नसल्यामुळे नव्हे! तीन, साध्या लग्नामागचा विचार अर्जासोबतच्या पत्रात लिहा. आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात पुरोहित नसतो, हुंडा नसतो, विवाह मोजक्या माणसांत होतो, असे स्वच्छ लिहा. साहेबाला माहीत नसेल तर कळू द्या. लपवायचे काय त्यात? चार, ज्यांची मुले परदेशात स्थिरावली त्यांनी आपली माहिती समाजाला द्यावी. प्रत्येक जिल्ह्यात दोन-चार वकील, दोन-चार अनुभवी जोडपी महिन्यातून एकदा विहारात बसली तरी एजंटांचे निम्मे दुकान बंद होईल.

आणि नाटक करायच्या भानगडीत पडू नका. नोंदणीची तारीख एक, भटजीच्या फोटोची तारीख दुसरी, असे झाले तर अधिकारी विचारणारच की, लग्न नेमके कधी झाले? खरे नाते असलेली माणसे खोट्या कागदात अडकतात. एकदा फसवणुकीचा ठपका बसला की पुढचा प्रत्येक अर्ज संशयाने पाहिला जातो.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही एवढेच सांगितले. ते उठले, गार झालेला चहा एका घोटात प्याले आणि म्हणाले, "मग उद्याच नोटीस देतो." दिली. हॉल घेतला नाही, भटजी बोलावला नाही. लग्न ठरल्याप्रमाणेच होणार आहे. पत्र मुलीने स्वतः लिहिले आहे. त्यात ती कोण, तिचे आजोबा कोण, तिच्या लग्नात पुरोहित का नाही, हे दोन पानांत आहे. प्रमाणपत्र मिळाले की फाईल जाईल. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण फायलीत एकही खोटा फोटो नसेल.

१९२८ साली जिला जात घेतल्याशिवाय इथे लग्न करता आले नाही ती मुलगी सिएटलची होती. त्याच सिएटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला कायद्याने बंदी घातली, अमेरिकेत सर्वांत आधी. ते घडले आंबेडकरी माणसांच्या रेट्यामुळे. आमची माणसे तिथे गेली ती मान खाली घालून गेली नाहीत. कोल्हापूरची ही मुलगीही तशीच जावी.

जयभीम!